व्हॉट्सॲपनं सीट पाडली का हो सर?

निवडणुका आल्या की या सदराला पत्रं वाढतात, आणि यावेळी तर बहुतेक सगळी खोटे मेसेज, फॉरवर्ड आणि एआयच्या क्लिपांवरच आलीत. राज्यशास्त्र शिकवणाऱ्याला हा विषय आवडीचाच, त्यामुळं बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत, रागावू नका. पत्रं थोडी कापलीत, भाषा तुमचीच ठेवलीय.

प्रश्न : सर, आमच्या तालमीचा ग्रुप हाय. मागच्या इलेक्शनला शेवटच्या दोन दिवसांत आमच्या माणसाच्या नावानं एक पत्र फिरलं, लेटरहेड, सही, शिक्का सगळं, की त्यानं माघार घेऊन समोरच्याला पाठिंबा दिलाय. सगळं खोटं. माणूस थोडक्यात पडला. पेठेत सगळे म्हणत्यात व्हॉट्सॲपनं पाडलं. शास्त्र काय म्हणतंय?
(एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : थोडक्यात म्हणजे किती मतांनी ते लिहिलं नाही तुम्ही, आणि सगळं घोडं तिथंच अडलंय.

पडलेला प्रत्येक उमेदवार खापर फोडायला काहीतरी शोधत असतोच, पूर्वी ईव्हीएम होतं, पैसा होता, आता व्हॉट्सॲप. पण संशोधन बघितलं तर माणसाचं मत फिरवणं हे फार अवघड काम आहे. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रचारावरचे ४९ प्रयोग एकत्र करून बघितले, त्यात घरोघर जाणं, फोन, पत्रकं असलं सगळं होतं, आणि मुख्य निवडणुकीत मतदाराची पसंती बदलण्यावर त्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. आता एवढा खर्च करून, दारात उभं राहून जर मत हलत नसेल तर एका फॉरवर्डनं किती हलणार?

दुसरं म्हणजे खोटं बघतंय कोण. २०१६ च्या ट्रम्प-क्लिंटन निवडणुकीत ट्विटरवर खोट्या बातम्या कुणी बघितल्या याचा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आला, तर ८० टक्के ‘बघणं’ हे फक्त १ टक्का लोकांचं होतं. म्हणजे ठराविक माणसंच सारखी तेच बघत होती. आणि ही माणसं कोण, तर ज्यांचं मत आधीच ठरलंय ती. ज्याला तांबडा आवडतो तोच परत परत वाटी पुढं करणार, पांढऱ्यावाला तिकडं बघत पण नाही. मग त्या खोट्यानं मत फिरलं असं म्हणायचं कसं, ते तर आधीच तिकडं होतं.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास ब्राझीलचा, कारण तिथंही आपल्यासारखंच सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. २०२२ च्या निवडणुकीआधी काही लोकांना सांगितलं की तीन आठवडे व्हॉट्सॲपवरचे फोटो, व्हिडिओ, ऑडिओ उघडायचे नाहीत. त्यांच्यापर्यंत खोट्या अफवा खरंच कमी पोचल्या. पण त्या खऱ्या मानायच्या की खोट्या, आणि विरोधी पक्षाबद्दल किती राग, यात बाकीच्यांपेक्षा विशेष फरक पडला नाही.

हे सगळं ऐकून तालमीतले म्हणतील सर समोरच्या पार्टीला मिळाले. थांबा. हे अभ्यास मत बदलण्याचे आहेत आणि तुमच्याकडं झालं ते वेगळं आहे. ‘हा माणूस वाईट आहे’ असं सांगून मत फिरवणं एक, आणि ‘हा माणूस आता उभाच नाही’ अशी खोटी खबर देणं दुसरं. दुसऱ्यात तुमच्या मतदाराचं मन बदलायची गरजच नाही, त्याला फक्त वाटलं पाहिजे की आता जाऊन उपयोग काय, किंवा मग दुसऱ्याला देऊन टाकू. तारीख बदलली, केंद्र बदललं, अमक्यानं माघार घेतली, ही खोट्याची जात मला सगळ्यात धोक्याची वाटते आणि ती नेमकी शेवटच्या ४८ तासांत येते कारण तेव्हा जाहीर प्रचार बंद असतो, उमेदवाराला सभा घेऊन खुलासा करता येत नाही. लोकसभेला लाख-लाखाचा फरक असतोय तिथं हे चालून जाईल, पण वॉर्डात, ग्रामपंचायतीत, नाहीतर दूध संघाच्या नाहीतर कारखान्याच्या इलेक्शनला जिथं पाच-पन्नास मतांवर गाडी अडते तिथं असलं एक पत्र पुरतं. तुमच्या माणसाला पाडलं की नाही ते मला इथं टेबलावर बसून सांगता येणार नाही, मतदान केंद्रनिहाय आकडे घेऊन बसा, तुमच्या हक्काच्या केंद्रांवर मतदानच कमी झालंय का बघा. टक्का नेहमीएवढाच असेल आणि मतं दुसरीकडं गेली असतील तर मात्र कारण पत्र का माणूस, ते नुसत्या आकड्यांवरनं कळायचं नाही.

प्रश्न : आमचे मामा (सासरे) रिटायर झालेत, रोज पहाटे साडेपाचला फॅमिली ग्रुपवर वीस-पंचवीस फॉरवर्ड टाकतात. परवा मतदानाचा एक मेसेज टाकला, तो खोटा आहे असं माझ्या मिस्टरांचं म्हणणं, पण वडिलांना कोण सांगणार? मी सून, मी काय बोलू? आणि असं ऐकलंय की खोडून काढलं की माणूस अजूनच हट्टाला पेटतो. खरं आहे का?
(एक गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : तुम्ही तो मेसेज सोबत पाठवला ते बरं केलं. तो असा आहे: ‘मतदार यादीत तुमचं नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा आणि मत द्या. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट झाले तर त्या केंद्रावर फेरमतदान होते.’ हा मेसेज मी प्रत्येक निवडणुकीला बघतो, मरतच नाही, आणि का मरत नाही ते बघण्यासारखं आहे.

यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट दाखवा. ४९ए हा निवडणूक नियमातला नियम आहे खरा, पण तो ईव्हीएम मशीन कसं असावं याचा! चॅलेंज व्होट पण आहे, पण ते तुम्ही मागायचं नसतं, केंद्रातला पोलिंग एजंट ‘हा माणूस तो नव्हेच’ असा आक्षेप घेतो, त्याला दोन रुपये भरावे लागतात, मग केंद्राध्यक्ष चौकशी करतो, ते चॅलेंज. आणि टेंडर व्होट मात्र शंभर टक्के खरं. तुमच्या नावावर दुसऱ्यानंच मत टाकलं असेल तर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. १४ टक्के आणि फेरमतदान, असलं काही नियमात नाहीच. म्हणजे एक गोष्ट खरी, एक अर्धी, एक उलटी आणि एक सपशेल बनवलेली, वर कलमाचा नंबर. असला मेसेज टाकणाऱ्याला आपण समाजकार्य करतोय असंच वाटतं, मामांचा हेतू चांगलाच असणार. नुकसान एवढंच की लोक यादीत नाव बघायच्या तारखा घालवतात आणि मतदानादिवशी आधार घेऊन केंद्रावर भांडत बसतात.

आता हट्टाला पेटण्याचं. ही गोष्ट आली कुठनं, तर ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर या दोन राज्यशास्त्रज्ञांचा २०१० चा पेपर, इराकमध्ये महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत असं सांगितल्यावर काही पुराणमतवादी लोकांचा ती सापडल्याचा विश्वास उलट वाढला. पेपर गाजला, जगभर लोक म्हणायला लागले की समजावून उपयोगच नाही. पुढं थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांवर लोक आणि ५२ विषय घेऊन तपासलं, तो उलटा परिणाम त्यांना काही सापडेना. आणि मला कौतुक याचं वाटतं की नायहननं स्वतःच नंतर लिहून टाकलं की तो परिणाम क्वचितच दिसतो, लोकांनी माझ्या पेपरचा जरा जास्तच अर्थ काढला. खरी अडचण दुसरीच आहे, दुरुस्तीचा असर लवकर ओसरतो, आणि खोटं परत परत येत राहतं.

तेव्हा बोला, बिनधास्त बोला. भारतातल्या व्हॉट्सॲपवर सुमित्रा बद्रीनाथन आणि सायमन शोशार यांनी प्रयोग केलेत, ग्रुपवर खोटा मेसेज येतो आणि दुसरा मेंबर खाली लिहितो ‘हे खरं वाटत नाही’. एवढंच. पुरावा नाही, लिंक नाही. तरी वाचणाऱ्यांचा त्या खोट्यावरचा विश्वास कमी झाला, आणि लांबलचक पुरावे जोडून केलेली दुरुस्ती त्यापेक्षा फार भारी पडली असंही नाही. इथं लक्षात घ्या, तुम्ही मामांना पटवायला लिहीतच नाही, ग्रुपवर गप्प बसलेले जे पंधरा-वीस जण आहेत, ती नणंद, ते पुण्यातले दीर, त्यांच्यासाठी लिहिताय. ‘मामा, हा मेसेज जुना आहे हो, यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आपल्या सगळ्यांची नावं मी आजच बघून घेते’ असं टाका आणि खरंच बघून घ्या. मान पण राहिला आणि काम पण झालं.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेत २०१६ ला फेसबुकवर ६५ च्या वरच्यांनी सगळ्यात तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या साइटच्या लिंक शेअर केल्या असा अभ्यास आहे. पण ते मामांना ऐकवू नका. एकतर त्याच अभ्यासात दहातल्या नऊ जणांनी असली एकही लिंक टाकली नव्हती, आणि दुसरं, घरात राहायचंय तुम्हाला.

प्रश्न : व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा-घेणारा सोडून कुणाला वाचता न येणारं असतंय ना सर, मग या शास्त्रज्ञांना कळतं कसं कोण काय बघतंय? का उगंच ठोकून देतात?
(बीए तिसरं वर्ष, कागल)

उत्तर : भावा, चांगलं विचारलंस, वर्गात हे कुणी विचारत नाही. कुणाचे खाजगी चॅट कुणी वाचत नाही. राजकीय पक्षांच्या आणि कार्यकर्त्यांच्या ग्रुपच्या जॉइन लिंक इंटरनेटवर उघड्या पडलेल्या असतात, त्यातनं ग्रुपमध्ये शिरायचं आणि साठवत बसायचं, ही एक रीत. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी २०१९ च्या लोकसभेच्या आसपास असल्या पाच हजारांवर भारतीय ग्रुपचा डेटा घेतला होता. दुसरी रीत म्हणजे लोकांना विचारून, परवानगी घेऊन त्यांच्या ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये नोंद ठेवणं. तिसरी सरळ प्रयोग, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला काहीतरी करायला लावायचं, दुसऱ्याला नाही, आणि फरक मोजायचा.

चौथी रीत कंपनीला सोबत घ्यायची, आणि तिथंच गोम आहे. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत फेसबुकनं बाहेरच्या प्राध्यापकांबरोबर मोठे प्रयोग केले, २०२३ ला निकाल आले. साधारण २३ हजार लोकांच्या फीडमधनं (म्हणजे फेसबुक उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टमधनं) त्यांच्याच विचाराच्या लोकांचा मजकूर एक तृतीयांशानं कमी केला तरी त्यांच्या मतांत फरक पडला नाही. कंपनीनं लगेच टिमकी वाजवली की बघा आमचा दोष नाही. नंतर दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्याच काळात कंपनीनं खोटं रोखायला तात्पुरते बदल फीडमध्ये केले होते, म्हणजे नेहमीचं फेसबुक त्या प्रयोगात नव्हतंच. माझं मत विचारशील तर निकाल खोटे नाहीत, पण ते त्या तीन महिन्यांचे आहेत. दहा-पंधरा वर्षं तेच फीड बघून माणसाचं काय होतं ते कुठल्याच प्रयोगात बसत नाही. आणि आता दारंच बंद होत चाललीत, ट्विटरचा फुकट डेटा २०२३ ला बंद, कुठली पोस्ट किती पसरली ते दाखवणारं फेसबुकचं क्राउडटँगल हे टूल ऑगस्ट २०२४ ला बंद.

प्रश्न : पुढच्या निवडणुकीत डीपफेकचा, म्हणजे एआयनं बनवलेल्या खोट्या क्लिपांचा धुमाकूळ होणार म्हणतात. आपण काय ओळखणार कप्पाळ?
(दुकानदार, लक्ष्मीपुरी)

उत्तर : साहेब, डीपफेकला घाबरा पण आधी जुन्या फोटोला घाबरा. वर सांगितलेल्या गरिमेला-एकल्स यांच्या अभ्यासात ग्रुपवरचे साधारण १३ टक्के फोटो खोटे निघाले आणि त्यात मोठा भाग कसला, तर फोटो खरा पण जुना नाहीतर दुसऱ्याच गावचा, खाली ओळ नवी. त्याला ना एआय लागतं ना कॉम्प्युटर. महापुरात आपण हे बघितलंच की, कुठल्यातरी धरणाचा व्हिडिओ ‘राधानगरी’ म्हणून फिरतो आणि पंचगंगा इशारा पातळीच्या खाली असताना लोक सामान माळ्यावर चढवतात.

ऑडिओला मात्र जास्त भ्या. चेहऱ्यात डोळे, दात, हात कुठंतरी चुकतात, आवाजात पकडायला काही नसतं, आणि व्हॉट्सॲपवर क्लिप आधीच खरखरीत. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या मतदानाच्या दोनच दिवस आधी एका नेत्याच्या आवाजात मतं खरेदी करण्याचं बोलणं फिरलं, प्रचारबंदी सुरू असताना. आपल्याकडं पण नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री बिटकॉइनच्या पैशांबद्दल मोठ्या नेत्यांच्या नावानं ऑडिओ क्लिपा आल्या, फॅक्ट-चेकवाल्यांनी टूल लावून बघितल्या तर त्या एआयनं बनवलेल्या असाव्यात असं आलं. पण तोवर मतदानाची सकाळ. निवडणूक आयोगानं मे २०२४ मध्ये पक्षांना सांगितलंय की असली बनावट क्लिप निदर्शनाला आल्यावर तीन तासांत काढा. तीन तासांत आपल्या महाद्वार रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कितींदा फिरून होईल ते तुम्हीच सांगा.

एक उलटी बाजू पण आहे. डीपफेक आहेत म्हटल्यावर खरी क्लिप सापडलेला नेता पण म्हणतो ‘हे एआय आहे’. यावर अमेरिकेत प्रयोग झालेत, त्यात असं दिसलं की लफडं लिखित बातमीत आलं असेल तर ‘खोटं आहे’ म्हणून नेत्याला थोडा फायदा होतो, व्हिडिओ असेल तर लोक फारसे ऐकत नाहीत. अजून तरी.

प्रश्न : आमच्या शाळेत ‘खोटी बातमी कशी ओळखावी’ असं एक तासाचं व्याख्यान ठेवायचं म्हणतोय. उपयोग होईल का?
(शिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर : एका तासाचा नाही होणार, गुरुजी. बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभेवेळी बिहारमध्ये बाराशेवर लोकांच्या घरी जाऊन तासभर शिकवलं, फोटो इंटरनेटवर टाकून तो मुळात कुठला ते शोधायचं कसं वगैरे. एकूण फरक पडला नाही, आणि सत्ताधारी पक्षाचे समर्थक तर स्वतःच्या पक्षाच्या सोयीचं खोटं ओळखण्यात आणखी मागं पडले. पण त्याच बिहारमध्ये पुढं त्यांनी, शोशार यांनी आणि सहकाऱ्यांनी १३ हजारांवर शाळकरी पोरांना तीन-साडेतीन महिने वर्गात बसवून शिकवलं आणि तिथं चांगला फरक दिसला, काही महिन्यांनी परत तपासलं तरी टिकलेला, आणि गंमत म्हणजे पोरांच्या आईबापांत पण थोडा उतरलेला. आठवी-नववीपासून धरा, व्याख्यानाच्या ऐवजी आठवड्याला एक तास द्या, आणि राजकारणाच्या आधी औषधपाण्याच्या फॉरवर्डपासून सुरू करा, तिथं पालक भांडायला येत नाहीत.

प्रश्न : मी गल्लीच्या ग्रुपचा ॲडमिन. कुणी काही टाकलं तर आत मी जाणार का?
(एक वाचक, उचगाव)

उत्तर : मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरनं टाकलेल्या पोस्टला नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार धरला जात नाही, तुमचा त्यात हात किंवा आधी ठरवलेला डाव असेल तर गोष्ट वेगळी. पण कायदा एवढा म्हणतोय म्हणून झोपू नका. जून २०२३ ला व्हॉट्सॲप स्टेटसवरनं आपल्या कोल्हापुरात काय झालं, बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद, सगळ्यांना आठवतंय. धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारी टोळी आली या अफवेवरनं पाच माणसं मारली, मंगळवेढ्याकडची, भिक्षेवर पोट भरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड अशी मर्यादा आणली. मी वर म्हणालो की फॉरवर्डनं मत फिरत नाही, ते मतापुरतंच. भीती आणि राग फिरवायला त्याला वेळ लागत नाही. इलेक्शनच्या आठवड्यात ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे सेटिंग लावून टाका, लोक दोन दिवस शिव्या देतील, देऊ दे.

प्रश्न : नोटाला (‘वरीलपैकी कुणी नाही’ या बटणाला) जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक होते असा मेसेज आलाय, खरा का खोटा?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : लोकसभा-विधानसभेला खोटा, नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतीला आपल्या राज्यात खरा, राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये तसा आदेश काढलाय. मेसेजमध्ये कुठली निवडणूक ते लिहिलेलं नसतंय, पाठवणाऱ्यालाच विचारा.